विश्लेषण : बायपोलर रुग्णांचे आयुष्य का घटते? उपचारांचा खर्च नेमका कुठे होतो?

बायपोलर डिसऑर्डर म्हटले की मनाचे टोकाचे चढउतार आणि आत्महत्येचा धोका आठवतो. तो धोका खराच आहे. मात्र मृत्यूंच्या नोंदी पाहिल्या तर हृदयविकार, मधुमेह, फुप्फुसाचे विकार अशा शारीरिक आजारांनी दगावणारे बायपोलर रुग्ण संख्येने जास्त आहेत. यातील बऱ्याच आजारांचे निदान साध्या तपासण्यांनी होते. तरीही त्या राहून जातात आणि किंमत आयुष्यातील वर्षांनी मोजावी लागते.

बायपोलर डिसऑर्डर म्हणजे काय?

या आजारात उन्माद आणि नैराश्य यांचे कालखंड येतात. उन्मादात झोप कमी होते, बोलणे आणि खर्च आवाक्याबाहेर जातो, निर्णय बेफिकिरीने घेतले जातात. नैराश्यात अंथरुणातून उठणेही कठीण होते. मधल्या काळात अनेक रुग्ण नोकरी आणि संसार व्यवस्थित सांभाळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे ४ कोटी लोकांना हा आजार होता.

आयुष्य किती घटते?

स्वीडनमधील सुमारे ६५ लाख प्रौढांच्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बायपोलर असलेल्या स्त्रिया सरासरी ९ वर्षे, तर पुरुष साडेआठ वर्षे आधी दगावत असल्याचे त्यात आढळले. विविध देशांतील अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये मांडलेला आकडा सुमारे १३ वर्षांचा आहे.

शारीरिक आजार का बळावतात?

कारणे एकात एक गुंतलेली आहेत. काही औषधांनी वजन आणि रक्तातील साखर वाढते. धूम्रपानाचे प्रमाण जास्त असते, झोप आणि जेवणाच्या वेळा विस्कळीत होतात. त्यात भर म्हणजे छातीत दुखते, धाप लागते अशी तक्रार केली की ‘हे मनाचेच आहे’ असे म्हणून ती बाजूला सारली जाते. मनोविकारतज्ज्ञ मनाचे पाहतात, फॅमिली डॉक्टर मनाचा रुग्ण म्हणून पाहतात. शरीराकडे पाहायचे कोणी, हा प्रश्न तसाच राहतो.

स्वीडनच्या त्याच अभ्यासातील एक निष्कर्ष इथे महत्त्वाचा ठरतो. ज्या रुग्णांच्या हृदयविकार, मधुमेह यांसारख्या आजारांचे निदान आधी झाले होते, त्यांच्यात या आजारांमुळे मृत्यूचा वाढीव धोका बराच कमी होता. म्हणजेच घटलेली सगळी वर्षे अटळ नाहीत.

खर्च नेमका कुठे होतो?

लिथियम १९४९ पासून या आजारावर वापरले जाते आणि ते महागड्या औषधांत मोडत नाही. मात्र त्यासोबत रक्तातील लिथियमची पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉईड यांच्या नियमित तपासण्या लागतात. डॉक्टरांची फी आणि प्रवास वेगळा. हा खर्च आयुष्यभराचा असतो. औषध मध्येच थांबले तर आजार उलटण्याची आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची शक्यता वाढते.

रुग्णालयाचे बिल हा खर्चाचा फक्त एक भाग आहे. अमेरिकेतील २०१५ च्या खर्चाचा अंदाज बांधणाऱ्या अभ्यासात थेट वैद्यकीय खर्चाचा वाटा सुमारे पाचव्या हिश्श्याइतकाच होता. सर्वात मोठा भार रुग्णाची काळजी घेणाऱ्यांवर पडला होता. बुडालेल्या रोजगाराचा वाटाही मोठा होता.

भारतात स्थिती काय?

निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात महाराष्ट्र नव्हता. या सर्वेक्षणानुसार बायपोलरचे सुमारे ७० टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते. मानसिक आजारांवरील उपचार आणि प्रवासासाठी कुटुंबांना महिन्याला १००० ते १५०० रुपये खर्च येत असल्याचेही त्यात नोंदवले आहे. रोजंदारीवरच्या घरात ही रक्कम किराण्यातून काढावी लागते.

विमा मिळतो का?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) नुसार शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा संरक्षण देणे बंधनकारक आहे. विमा नियामकाने ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपन्यांना याची पुन्हा आठवण करून देत महिनाअखेरची मुदत दिली होती.

अडचण वेगळीच आहे. बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच उपयोगी पडतात. आयुष्मान भारतचा भरही दाखल रुग्णांवरच आहे. बायपोलरचे उपचार मात्र मुख्यतः ओपीडीत, दर महिन्याच्या गोळ्यांवर चालतात. म्हणजे आजार उलटला की विमा मिळतो, तो उलटू नये म्हणून होणारा खर्च मात्र खिशातूनच जातो. आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा कालावधी असू शकतो. भीतीपोटी आजार लपवल्यास पुढे दावा नाकारला जाण्याचा धोका असतो.

रुग्ण आणि कुटुंबीयांनी काय करावे?

मानसोपचारांसोबतच वजन, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉलची तपासणी किती दिवसांनी करायची, हे डॉक्टरांना विचारून ठरवून घ्यावे. बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरी येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभागाची चौकशी करता येते. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास उपलब्ध असून मराठीतही बोलता येते. आत्महत्येचे विचार येत असतील तर तिथे तातडीने फोन करावा, जवळच्या व्यक्तीला सांगावे.