कॅराव्हॅन आली, मुक्कामाचे काय?

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर एखाद्या लाकडी खोलीत किंवा चाकांवरच्या घरात दोन रात्री काढाव्यात, ही हौस मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गात आता चांगलीच रुजली आहे. करोनाच्या साथीत हॉटेलांची दारे बंद झाली, तेव्हा या हौसेला जोर आला. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले, तेही याच पार्श्वभूमीवर. केरळनेही त्याच वर्षी असे धोरण आणले. हॉटेल बांधायला वर्षे लागतात, कॅराव्हॅन मात्र आज उभी केली आणि उद्या हलवली, हा त्यामागचा विचार. तो चुकीचा नव्हता. मात्र सहलीचे नियोजन करू लागणाऱ्या कुटुंबाला पहिल्याच पावली जो प्रश्न पडतो, तो वाहनाचा नसून मुक्कामाच्या जागेचा असतो, आणि तिथे धोरणाची गाडी अडखळते.

धोरणात कॅराव्हॅन आणि ती उभी करण्याचे ‘पार्क’ अशा दोन्ही गोष्टींचा विचार आहे. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करायची आणि पार्कमध्ये पाणी, वीज, रस्ता, स्वच्छतागृह द्यायचे, अशी रचना आहे. प्रत्यक्षात भाड्याने वाहन देणारे व्यावसायिक सहज सापडतात. ते वाहन रात्री कायदेशीरपणे आणि सुरक्षितपणे कुठे लावायचे, याचे उत्तर मात्र बहुतेक वेळा ‘ओळखीच्या रिसॉर्टच्या आवारात’ असेच मिळते. काही जण थेट समुद्रकिनाऱ्याची वाळू गाठतात. भरतीच्या वेळी वाळूत रुतलेल्या मोटारी ट्रॅक्टर लावून बाहेर काढण्याचे प्रसंग कोकणात दर सुट्टीत घडतात. पाण्याची टाकी आणि संसार पोटात घेतलेले जड वाहन तिथे रुतले, तर ट्रॅक्टरही हात टेकेल.

ही कल्पना जिथे मुरलेली आहे, त्या कॅलिफोर्नियाच्या किनारी डोंगरांकडे पाहिले तर फरक कळतो. सान फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला बिग सर नावाचा भाग आहे. एका बाजूला प्रशांत महासागर, दुसऱ्या बाजूला सरळ उभे डोंगर आणि मधून जाणारा एकच रस्ता. तिकडे संगणक क्षेत्रात नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांना तो परिचित आहे. तिथल्या सरकारी उद्यानांतील जागांचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते. प्रत्येक जागेला क्रमांक असतो आणि तिच्यावर किती लांबीचे वाहन मावेल, तेही आधीच नोंदवलेले असते. याचा अर्थ तिथे सारे आलबेल असते असा नव्हे. मे २०१७ मध्ये मड क्रीक येथे डोंगर समुद्रात घसरला आणि तो रस्ता जुलै २०१८ पर्यंत बंद राहिला. त्याआधी, २०१६ मध्ये, बेकायदा पेटवलेल्या एका शेकोटीने तिथे १ लाख ३२ हजार एकर जंगल जाळले. निसर्गाचा कोप तिथेही चुकत नाही, पण कोणता रस्ता बंद आहे, कुठे आग पेटवायला बंदी आहे, हे निघण्यापूर्वी एका ठिकाणी कळते.

सह्याद्रीत हीच माहिती विखुरलेली आहे. वरंध घाट पावसाळ्यात अवजड वाहनांना किंवा सर्वच वाहनांना बंद केला जातो. त्याचा आदेश जिल्हाधिकारी कार्यालयातून निघतो आणि स्थानिक वृत्तपत्रांत छापून येतो. धबधबे आणि धरणांच्या परिसरातील बंदीचे आदेश वेगळे. हवामान खात्याचा इशारा आणखी वेगळा. एक गोष्ट मात्र पर्यटकांनी आवर्जून लक्षात घ्यावी. हवामान खाते पुणे, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांच्या घाट भागासाठी स्वतंत्र इशारा देते. पुणे शहराला पिवळा आणि घाटाला लाल, असे एकाच दिवशी असू शकते. शहरातले आकाश पाहून निघणारा नेमका इथेच फसतो. लोणावळ्यात भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हा पावसाळा नुकताच सुरू झाला होता.

दरडींचा इतिहास तर ताजाच आहे. माळीण ३० जुलै २०१४, तळिये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. तिन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत आणि तिन्ही ठिकाणी पिढ्यान् पिढ्या राहणारी माणसे गाडली गेली. तिथल्या रहिवाशांना जो उतार ओळखता आला नाही, तो एका रात्रीपुरत्या आलेल्या पाहुण्याला ओळखता येईल, ही अपेक्षाच गैर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये घाटउतारावरचा मुक्काम टाळावा, हे सांगण्याची हिंमत पर्यटनाच्या जाहिराती करत नाहीत. ‘पावसाळी कॅम्पिंग’ हे तर त्यांचे हुकमी आकर्षण.

तंबू आणि लाकडी खोल्यांचा प्रश्न आणखी नाजूक. केंद्र सरकारने ३१ जुलै २०२४ रोजी पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना पुन्हा काढली. त्यात सहा राज्यांतील सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र असून, महाराष्ट्राचा वाटा १७,३४० चौरस किलोमीटरचा आहे. मसुद्याचा रोख खाणी, औष्णिक वीज प्रकल्प आणि २० हजार चौरस मीटर वा त्याहून मोठी बांधकामे यांवर आहे. डोंगर कापून सपाट केलेल्या दहा गुंठ्यांवरच्या आठ खोल्या या चाळणीतून अलगद निसटतात. अशी एक जागा निरुपद्रवी ठरेल. एकाच धरणाच्या काठावर अशा शंभर जागा झाल्या की उताराचे, झऱ्यांचे आणि मैलापाण्याचे काय होते, हे कोणत्याही परवानगीत तपासले जात नाही. आरक्षण करताना पोहण्याच्या तलावाची चौकशी करणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाच्या नोंदणीची आणि मैलापाणी कुठे सोडले जाते याचीही चौकशी करावी. उत्तर देताना समोरचा चाचरला, तर तेही एक उत्तरच समजावे.

पाण्याचा मुद्दा याहून अवघड आहे. देशातील सर्वाधिक पावसाच्या प्रदेशांत गणना होणाऱ्या या पट्ट्यातील अनेक वाड्या एप्रिल-मेमध्ये टँकरकडे डोळे लावून बसतात. कॅराव्हॅनची शंभर-दीडशे लिटरची टाकी त्याच गावच्या विहिरीवरून भरली जाणार असेल, तर गावकऱ्यांचे कपाळ आठ्यांनी भरले तर नवल नाही. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर पेटवलेली शेकोटी हा दुसरा धोका. फेब्रुवारीपासून सह्याद्रीत वणवे लागतात आणि त्यांतले बहुतेक माणसाच्या हातून लागतात.

वाहनाबाबतही सावधगिरी हवी. जुन्या टेम्पोत पलंग आणि शेगडी बसवून भाड्याने देण्याचा उद्योग फोफावला आहे. मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला होता. अपघातानंतर विमा कंपनी पहिला बोट याच मुद्द्यावर ठेवते. म्हणून नोंदणी प्रमाणपत्रावर वाहनाचा प्रकार काय लिहिला आहे, ते भाडे ठरवण्यापूर्वी पाहावे. वळणांच्या अरुंद घाटात असे उंच वाहन चालवणे हे मोटारीचा परवाना असलेल्या प्रत्येकाचे काम नव्हे. आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ रोजी कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली आणि एकच जण वाचला. शक्यतो घाट दिवसाउजेडी उतरावा. माथेरानला जाणाऱ्यांनी तर वाहन दस्तुरीला थांबते, हे धरूनच बेत आखावा.

राहता राहिला प्रश्न दिवसांचा. पाऊस ओसरल्यानंतरचा ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते जानेवारी हा या पट्ट्यातील मुक्कामाचा खरा काळ. त्यातून दिवाळीची आणि नाताळची सुट्टी वगळली, की रस्ते मोकळे आणि विहिरींना पाणी असे मोजकेच आठवडे हाती उरतात. सरकारी विश्रामस्थानांचे आरक्षण त्यासाठी ऑगस्टमध्येच करावे लागते. तेव्हा बाहेर पाऊस कोसळत असतो आणि डोक्यात मात्र भुशी धरण असते.