मूळ मोटार कोणती?

जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीत ‘प्रोजेक्ट’ ह्या शब्दाला एक खास अर्थ आहे. कोणीतरी हौसेने उघडलेली, मग पैसा, वेळ किंवा आयुष्य ह्यांपैकी काहीतरी संपल्यामुळे अर्ध्यावर राहिलेली आणि शेवटी पोत्याखोक्यांसह विकायला काढलेली गाडी म्हणजे प्रोजेक्ट. घेणाऱ्याच्या पदरात काही अवशेष पडतात, दुसऱ्याच्या अर्धवट कामाच्या खुणा पडतात आणि कोणीच लिहून न ठेवलेले पुष्कळ प्रश्न पडतात. हस्तलिखितांशी ज्यांचा थोडाफार संबंध आला आहे त्यांना ही अवस्था अनोळखी वाटणार नाही. पहिली-शेवटची पाने गहाळ, मधली चार पाने भलत्याच पोथीतली, समासात तिसऱ्याच हाताच्या दुरुस्त्या. पाठचिकित्सा हा विषय आपण एम.ए.च्या वर्गात प्रश्नपत्रिकेपुरता शिकवतो आणि विद्यार्थीही तो तेवढ्यापुरताच शिकतात. गेली दोन वर्षे एका मोटारीची जुळवाजुळव अधूनमधून पाहताना मात्र त्या विषयातले प्रश्न किती खरे आणि किती हट्टी आहेत ते जाणवत गेले, म्हणून हा लेख.

ही मोटार आरे कॉलनीच्या हद्दीला लागून असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. (‘आरे’ आणि ‘कारशेड’ हे शब्द शेजारी आले की २०१९च्या ऑक्टोबरात रातोरात तोडलेली झाडे आठवतात. ती शेड मेट्रोची; ही एका निवृत्त अभियंत्याची.) शहरातले म्हशींचे गोठे बाहेर हलवण्यासाठी १९४९मध्ये वसवलेल्या ह्या वसाहतीत पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी ओली असते की उघडे लोखंड आठवड्याभरात तांबूस पडते. गाडी एम.जी. कंपनीची, टीसी नावाची. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९४५ ते १९४९ ह्या काळात अशा सुमारे दहा हजार गाड्या तयार झाल्या. दोघांपुरती जागा, उघडे छत, १२५० सीसीचे इंजिन, तारांची १९ इंची चाके. आज तिला स्पोर्ट्‌स कार म्हणताना हसू येईल, पण त्या काळी तिचा रुबाब मोठा होता. पत्र्याच्या आत ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचा सांगाडा असतो, हे स्वतः पाहिल्याशिवाय पटत नाही. पोथीला कसर लागते तशी ह्या मोटारीला वाळवी लागते.

शेडमधल्या गाडीत काय काय आहे ते पाहण्यासारखे आहे. चासी मूळची आहे आणि तिच्यावरचा क्रमांकही शाबूत आहे. सांगाड्याचा डाव्या दाराचा भाग ॲशचा, उरलेला बहुतेक सागवानी. दोन कार्ब्युरेटरांपैकी एकच. इंजिन अँबॅसडरचे. मूळ इंजिन कधी आणि कुठे गेले ते ठाऊक नाही, मात्र एका बिस्किटाच्या डब्यात त्याचे काही बोल्ट निघाले. ते त्याच इंजिनाचे हे कसे ओळखले, तर आट्यांवरून. टीसीच्या इंजिनाचे आटे मेट्रिक मापाचे असतात, पण बोल्टांची डोकी इंग्रजी व्हिटवर्थ पान्याला बसतील अशी. मॉरिसचा इंजिन कारखाना मुळात हॉचकिस ह्या फ्रेंच कंपनीचा, त्यामुळे आटे पाडणारी यंत्रे फ्रेंच मापाची. डोकी मात्र इंग्रज मेकॅनिकच्या हातातल्या पान्यासाठी घडवलेली. लिपीच्या वळणावरून लेखनिकाचा प्रांत ओळखावा तसा हा प्रकार. गाडीच्या मालकांना मी हे म्हटले तेव्हा ते म्हणाले, ‘तुमच्या लेखनिकाला निदान ग्रीस तरी पुसावे लागत नसेल!’

आता प्रश्न असा की ही गाडी जुळवायची तर कोणत्या सालाची? जुन्या गाड्यांच्या जगात ह्याचे प्रचलित उत्तर एकच आहे: कारखान्यातून निघाली त्या दिवसाची. इंग्लंडहून सुटे भाग मागवावेत (टीसीचे जवळजवळ सगळे भाग आज नव्याने तयार होऊन मिळतात), सागवान काढून ॲश बसवावे, अँबॅसडरचे इंजिन भंगारात द्यावे आणि गाडी अशी चकचकीत करावी की ती १९४८ साली ॲबिंग्डनमध्येही इतकी चकचकीत नसेल. प्रदर्शनांत बक्षिसे बहुधा अशाच गाड्यांना मिळतात. मला हे उत्तर पटत नाही. ही गाडी कारखान्यात राहिली ती फार तर काही आठवडे, आणि मुंबईत काढली तिने सत्तरएक वर्षे. परकीय चलनाच्या टंचाईमुळे परदेशी गाड्यांचे सुटे भाग मिळणे ज्या दशकांत दुरापास्त होते, त्या दशकांत ही गाडी चालती राहिली ती कुर्ल्याच्या गॅरेजांमुळे, चोरबाजारातल्या दुकानांमुळे आणि ‘बसवून देतो साहेब’ म्हणणाऱ्या मिस्त्र्यांमुळे. तो सगळा काळ अपपाठ म्हणून खरवडून टाकायचा, तर ह्या गाडीचे असे काय उरते?

अँबॅसडरच्या इंजिनाचेच घ्या. वरवर पाहता हा उघड प्रक्षेप आहे. परंतु अँबॅसडरला पुढे जे १४८९ सीसीचे इंजिन मिळाले ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतले, आणि त्याच मालिकेतले तेवढ्याच क्षमतेचे इंजिन एम.जी.ने १९५५मध्ये आपल्या एमजीए ह्या गाडीत बसवले होते. म्हणजे मुंबईतल्या ज्या कोणा मिस्त्रीने हे इंजिन टीसीत बसवले त्याने, जाणता वा अजाणता, त्याच घराण्यातला पुढच्या पिढीचा पाठ स्वीकारला. ह्याला भ्रष्ट प्रत म्हणायचे की परंपरेतला उत्तरकालीन संस्कार, हे वाटते तितके सोपे नाही.

अशा वेळी मला डॉ. वि. स. सुखटणकरांची आठवण होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६मध्ये पूर्ण झाली. १९२५पासून १९४३पर्यंत, म्हणजे निधनापर्यंत, सुखटणकर तिचे प्रमुख संपादक होते. आपण व्यासांचे मूळ भारत सिद्ध करतो आहोत असा दावा त्यांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे मागे जाता जाता जे सर्वांत जुने रूप हाती येते, तेवढेच द्यायचे असा त्यांचा संकल्प होता. त्या आवृत्तीतील दोन गोष्टी मोटारवाल्यांनी समजून घ्याव्यात अशा आहेत. एक म्हणजे नागमोडी रेघ. जिथे स्वीकारलेला पाठ पुरेसा निश्चित नाही तिथे त्या शब्दाखाली अशी रेघ छापलेली असते. संपादक निर्णय घेतो, आणि तो डळमळीत आहे हेही त्याच ओळीत सांगतो. दुसरी गोष्ट परिशिष्टांची. गणपती व्यासांचा लेखनिक झाल्याची कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. हस्तलिखितांच्या साक्षीवर ती संहितेत टिकली नाही, म्हणून आदिपर्वाच्या परिशिष्टात गेली. संहितेबाहेर गेली, ग्रंथाबाहेर मात्र गेली नाही. आरेच्या शेडमधले अँबॅसडरचे इंजिन हा ह्या मोटारीचा गणपती आहे, एवढेच माझे म्हणणे. टीसीचे इंजिन मिळाले तर खुशाल बसवा, पण हे भंगारात घालू नका. त्याच शेडमध्ये, ते कोणत्या गाडीत किती वर्षे होते ह्या चिठ्ठीसह ठेवा. आणि बाहेरून आणलेले टीसीचे इंजिनही ह्या गाडीचे नव्हेच, दुसऱ्या कुठल्यातरी टीसीचे आहे, हे विसरू नका. ते अनुमानाने घातलेले आहे. त्याच्याखाली नागमोडी रेघ हवी.

मालकांचा आक्षेप असा की अँबॅसडरच्या इंजिनावर गाडी धावते, पण ती टीसी राहत नाही. आवाज वेगळा, वजन वेगळे, वळणावरचा स्वभाव वेगळा. ह्या आक्षेपाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. वृत्त बिघडलेली ओवी अर्थाने शाबूत असली तरी म्हणता येत नाही, तसेच हे असावे. म्हणूनच इंजिन बदलूच नये असा हट्ट मी धरत नाही.

खरी अडचण कायद्याने निर्माण केली आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देऊ केली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,०००, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, आणि रस्त्यावर आणण्याची मुभा प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल अशा कारणांपुरती. इथवर ठीक. पण अट अशी की वाहन मूळ स्वरूपात जतन केलेले असावे आणि त्याच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. ही अट लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे संस्थानिकांच्या गॅरेजांत झाकून ठेवलेल्या गाड्या असाव्यात. मध्यमवर्गीय मुंबईत वापरात राहिलेल्या, मरता मरता वाचलेल्या गाडीला ती अट प्रामाणिकपणे पुरी करता येणे फार कठीण आहे. मग काय होते? जो मालक ‘हे इंजिन मी बाहेरून आणले, हा सांगाडा नवा केला’ असे खरे लिहील तो अडचणीत, आणि जो सगळे ‘मूळचेच’ म्हणून दाखवील त्याचा मार्ग मोकळा. पाठभेद नोंदवणाऱ्या संपादकाला दंड आणि ते दडवणाऱ्याला मान्यता, असा हा उफराटा न्याय आहे.

‘मूळ’ आणि ‘अस्सल’ ह्यांतला फरक इंग्लंडमधल्या एका न्यायालयाने १९९०मध्ये फार बारकाईने पाहिला होता. ‘ओल्ड नंबर वन’ नावाच्या बेंटलीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. ती गाडी एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला आणि मग घेणाऱ्याने हात वर केले: ही ती गाडीच नव्हे. न्या. ऑटन ह्यांच्यापुढे गाडीचा भागवार हिशेब मांडला गेला. १९२९च्या गाडीतले म्हणण्यासारखे काही शिल्लक नव्हते. १९३०मधले म्हणून पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा खांब एवढेच निघाले. तरीही न्यायमूर्तींनी ठरवले की गाडी कारखान्यातल्या अर्थाने ‘मूळ’ नसली तरी अस्सल ‘ओल्ड नंबर वन’ हीच, कारण ह्या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी गाडी नाही आणि हिच्या स्थित्यंतरांचा इतिहास अखंड आहे. घेणाऱ्याला करार पाळावा लागला. हा निकाल वाचताना मला आरेमधल्याच एका नावाची आठवण झाली. तिथल्या चित्रनगरीला दादासाहेब फाळक्यांचे नाव आहे, आणि त्यांच्या १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’चे म्हणून आज जे अवशेष दाखवले जातात ते प्रत्यक्षात त्यांनी १९१७मध्ये पुन्हा काढलेल्या चित्रपटाचे असावेत असे काही अभ्यासक मानतात. फाळक्यांचे थोरपण त्याने कमी होत नाही. कोणते रीळ कोणत्या सालचे, एवढे खरे सांगितले की पुरे.

प्रोजेक्टची अडचण ह्याच ठिकाणी आहे. बेंटलीचा इतिहास अखंड होता. आरेच्या गाडीचा मध्येच तुटला आहे. कित्येक वर्षे ती पोत्यांत भरलेली होती आणि त्या वर्षांत तिच्यात काय आले, काय गेले ह्याची नोंद नाही. अशा तुटलेल्या परंपरेला सांधायला नोंदवही हा एकच उपाय मला दिसतो. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची तूरिन सनद (तिची प्रेरणा वास्तूंविषयीच्या १९६४च्या व्हेनिस सनदेत आहे) हेच सांगते: शक्य तितके जपा, बदलावे लागले तर बदललेला भाग न पुसणाऱ्या पण डोळ्यांत न खुपणाऱ्या खुणेने ओळखता यावा, आणि सगळे लिहून ठेवा. आपल्या नियमांतल्या ‘मूळ स्वरूपा’च्या अटीऐवजी अशा वहीची सक्ती केली असती तर प्रामाणिक माणसांची सोय झाली असती. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी आपल्या ओव्या त्यात मिसळू नयेत अशी ताकीदही देऊन ठेवली. ते काम कोणी, केव्हा आणि कशासाठी केले हे चारशे वर्षांनी आपल्याला ठाऊक आहे, ते त्यांनी स्वतः सांगून ठेवले म्हणून.

मालकांनी अशी वही घातली आहे. तीन रकाने: ॲबिंग्डनचे, मुंबईत बसवलेले, आता बसवलेले. मी चौथा रकाना सुचवला, काम करणाऱ्याच्या नावाचा. लेथवर एकेक बुशिंग कातून देणारा टर्नर, पत्रा ठोकून मडगार्डाची गोलाई आणणारा कारागीर, ह्यांची नावे प्रदर्शनातल्या फलकावर कधीच नसतात. तिथे मालकाचे नाव असते. आताच्या कामापुरता हा रकाना भरत चालला आहे. मधल्या काळापुढे मात्र जवळजवळ सगळीकडे रेघा. सागवानी सांगाड्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने इंचांतली मापे लिहिलेली आहेत, देवनागरी आकड्यांत, आणि ‘आठ’चे वळण जुन्या शाळेतले. ॲशऐवजी सागवान घ्यायचे ठरवणारा, मुंबईच्या हवेत ते टिकेल हे ओळखणारा सुतार हाच. वहीत त्याच्यापुढे ‘सुतार, मराठी, नाव माहीत नाही’ असे लिहिले आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी लाकडाला व्हार्निश देणे भाग आहे. तेवढा हातभर तुकडा कोरा सोडा असे मी म्हणतो. मालक म्हणतात, वाळवी माझ्या घरची नाही, तुम्ही फोटो काढून घ्या.