बोरिवलीच्या नावाची वनस्पती

गावाचे नाव कशामुळे राहील याचा काही नेम नसतो. नागपूरचे नाव संत्र्यांनी राहिले, घोलवडचे चिकूंनी, अलिबागचे पांढऱ्या कांद्याने, तर वसईचे सुकेळ्यांनी. आम्हां उपनगरवासीयांना मात्र गिरगाव-दादरचे आप्तेष्ट येताजाता विचारतात, "तुमच्या अंधेरी-मुलुंडला, घाटकोपर-बोरिवलीला आहे तरी काय? गाड्या आणि गर्दी!" आणि वर आमच्याच घरचा चहा पिऊन निघून जातात.

हा प्रश्न कुणी बोरिवलीकराला विचारला, तर त्याने मुळीच खाली मान घालू नये. जगातल्या कोणत्याही मोठ्या वनस्पतिसंग्रहात जा, तिथल्या यादीत बोरिवलीचे नाव सापडेल. आमच्या रानातल्या एका वीतभर झुडपाला शास्त्रज्ञांनी 'क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम' असे नाव दिले आहे. पहिला शब्द ग्रीक, त्याचा अर्थ साधा: हिरवी वनस्पती. दुसरा शब्द लॅटिनचा अंगरखा घातलेली आपली बोरिवली! आणि ही वनस्पती म्हणजे दुसरेतिसरे काही नसून औषधांच्या दुकानात मिळणारी प्रसिद्ध सफेद मुसळी.

सफेद मुसळी म्हटल्यावर पुरुष मंडळी गालातल्या गालात हसतात आणि बायका विषय बदलतात, हे मला ठाऊक आहे. शक्तिवर्धक चूर्णांच्या जाहिरातींनी त्या बिचारीची तशी ख्याती करून ठेवली आहे. पण आज मला तिच्या मुळांच्या गुणांबद्दल बोलायचे नाही, तिच्या नावाबद्दल बोलायचे आहे. कारण नाव मिळणे ही गोष्ट वनस्पतीच्या आयुष्यात किती मोठी असते, याचा आपण फारसा विचार करीत नाही.

आधी ही बाई दिसते कशी ते सांगतो. पहिला पाऊस पडला, की डोंगरउतारावरच्या मातीतून लांबट, गवतासारख्या पानांचा एक झुबका वर येतो. पाने जमिनीलगत फिरत्या जिन्याच्या पायऱ्यांसारखी एकावर एक बसलेली असतात. जुलैच्या सुमारास मधून एक दांडा निघतो आणि त्यावर सहा पाकळ्यांची पांढरी, चांदणीसारखी फुले येतात. मग तीन कप्प्यांचे फळ आणि त्यात काळ्या बारीक बिया. जमिनीखाली मात्र जाड, पांढुरक्या मुळ्यांचा घोस असतो. कुणी हातांची बोटे खाली सोडावीत तसा.

अशाच तोंडवळ्याच्या तिच्या पुष्कळ बहिणी आपल्याकडे आहेत. त्यांतल्या एकीच्या, 'क्लोरोफायटम ट्यूबरोजम'च्या, मुळ्या आधी दोरीसारख्या बारीक निघतात आणि पुढे कुठेतरी त्यांना गाठी धरतात. बोरिवलीवालीच्या मुळ्या मात्र बुंध्यापासूनच जाड असतात, मधे दोरी नाही. वाचणाऱ्याला वाटेल, एवढ्याशा फरकाने काय होते? वनस्पतिशास्त्रात अशाच फरकांनी सारे काही होते. फक्त तो फरक एका झाडात दिसून भागत नाही. शंभर झाडे पाहावी लागतात, निरनिराळ्या जागची पाहावी लागतात, आणि प्रत्येक ठिकाणी तो फरक कायम राहिला पाहिजे. नाहीतर एखाद्या घरातला एक मुलगा उंच निघाला म्हणून त्याचे आडनाव बदलण्यातला तो प्रकार होईल.

हा उद्योग ज्यांनी केला, त्यांतले एक होते फादर हेर्मेनेगिल्ड सांतापाव. जन्म १९०३ सालचा, स्पेनमधल्या तारागोना प्रांतातला, म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठचा. जेझुइट पंथात शिरून हे गृहस्थ १९२८ साली हिंदुस्थानात आले आणि पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. खंडाळ्याच्या आणि पुरंदरच्या वनस्पतींवर त्यांनी लिहिलेले ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात. पुढे ते भारताच्या वनस्पती सर्वेक्षण खात्याचे संचालक झाले, भारताचे नागरिक झाले, १९६७ साली 'पद्मश्री' झाले आणि १९७० साली मुंबईतच वारले.

त्यांच्या मायदेशाबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. वनस्पतींचे पद्धतशीर वर्णन करण्याचा उद्योग भूमध्य समुद्राच्या काठीच सुरू झाला. थिओफ्रास्टस नावाच्या ग्रीक पंडिताने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सुमारे पाचशे वनस्पतींची वर्णने लिहून ठेवली. त्या समुद्राभोवतालच्या प्रदेशात मिळून आज सुमारे २५,००० जातींच्या वनस्पती मोजल्या जातात आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या जगात दुसरीकडे कुठेही उगवत नाहीत. इतकी शतके इतके विद्वान तिथले डोंगर तुडवीत आले, तरी तिथे अजून नव्या जाती सापडतात! साऱ्या जगाचा हिशेब केला तर दरवर्षी सुमारे २,००० नव्या वनस्पतींची नोंद होते. मग आपल्या सह्याद्रीत अजून किती अनामिक असतील, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

आमच्या मुसळीला नाव मिळाले ते सांतापाव आणि त्यांचे सहकारी आर. आर. फर्नांडिस यांच्याकडून. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलच्या ५२व्या खंडात तिचे वर्णन छापून आले. तो काळ १९५४-५५चा. त्या वेळी बोरिवलीचे रान 'कृष्णगिरी' या नावाने ओळखले जाई. पुढे ते बोरिवली राष्ट्रीय उद्यान झाले आणि आता संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. रानाचे नाव दोनदा बदलले, पण झाडाचे नाव बदलले नाही. इतकेच नव्हे, तर त्या वेळी छापलेले 'बोरिव्हिली' हे स्पेलिंगही आता कायमचे. नियमच तसा आहे.

हे नियम मोठे मजेशीर आहेत. नुसते 'मला नवे झाड सापडले' असे म्हणून कुणी दाद देत नाही. झाड मुळापासून फुलाफळांसकट गोळा करायचे, वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवायचे, जाड कागदावर चिकटवायचे आणि खाली लिहायचे: कुठे मिळाले, कोणत्या तारखेला, कुणी आणले. मग जुने ग्रंथ काढायचे. मुंबई इलाख्यापुरता त्यांतला मुख्य ग्रंथ थिओडोर कुक यांचा, १९०१ ते १९०८च्या दरम्यान निघालेला. हे कुक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य होते. त्यात आपले झाड बसत नाही असे दिसले, तर संग्रहातली वाळवलेली झाडे एकेक करून ताडून पाहायची. झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियमचा, म्हणजे १९०६ साली सुरू झालेल्या वनस्पतिसंग्रहाचा, उपयोग तो हाच.

इतके करूनही झाड कुणाशी जुळले नाही, तरच नामकरण. त्यासाठी वर्णन छापावे लागते, आणि १९३५ पासून २०११ पर्यंत ते लॅटिनमध्येच लिहावे लागे. २०१२ पासून इंग्रजीही चालते. शिवाय एक वाळवलेले झाड 'प्रमाण नमुना' म्हणून कायमचे जपून ठेवावे लागते. उद्या कुणाला शंका आली, तर त्याने त्या नमुन्याशी ताडून पाहावे. पूर्वी बाजारात मापे तपासायला सरकारी शेर ठेवीत, त्यातलाच हा प्रकार.

आता कुणी म्हणेल, "अहो, पण त्यात नवे ते काय? ते झाड तर तिथे होतेच!" अगदी बरोबर. आणि नुसते होतेच असे नाही, पोटातही जात होते. पावसाळ्यात आमच्या स्टेशनबाहेर वारली बायका रानभाज्या घेऊन बसतात. त्यांच्या टोपलीत टाकळा असतो, शेवळे असतात आणि लांब हिरव्या पात्यांच्या जुड्याही असतात. कुणी तिला फोडशी म्हणते, कुणी कुलू, कुणी कुळी. ती पाती या मुसळीच्याच घराण्यातली. आमच्या घरात ती डाळ घालून होते. मी एकदा भाजीवाल्या मावशींना विचारले, "मावशी, हिच्यात जाती किती?" त्यांनी दोन जुड्या हातात घेतल्या, खालचा पांढरा भाग चाचपला आणि म्हणाल्या, "ही येगली, ही येगली. ही उकडून घ्यायची, हिला उकडायला नको." त्यांच्याजवळ लॅटिन नव्हते, परंतु वर्गीकरण पुरेपूर होते.

म्हणून 'नवी जात' याचा अर्थ जगात नवी असा नसतो. छापील नोंदीत नवी, एवढाच. जुन्या काळी ही गोष्ट काही लोक मोकळेपणाने मान्य करीत. सतराव्या शतकात डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ काढला. तो इट्टी अच्युतन या वैद्याच्या आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघा कोंकणी ब्राह्मणांच्या मदतीवाचून झालाच नसता. त्या तिघांचे नागरी लिपीतले कोंकणी निवेदन ग्रंथातच छापले आहे. आमच्या डोंगरातल्या मावशींचे नाव असे कुठे छापून आले नाही, याची रुखरुख वाटते.

तरीपण छापील नोंदीची किंमत कमी नाही. लोकभाषेतली नावे गोड खरी, पण ती एका गावाहून दुसऱ्या गावी गेली की घोटाळा होतो. काळी मुसळी म्हणजे सफेद मुसळीची सावळी बहीण असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तिचे कुळ वेगळे आणि फूल पिवळे. उत्तरेकडे शतावरीच्या एका भावंडाची मुळेही 'सफेद मुसळी' म्हणूनच विकतात. अशा वेळी पुडीत नेमके काय आहे हे ठरवायला शेवटी शास्त्रीय नावाचाच आधार घ्यावा लागतो. मुलाला शाळेचा दाखला लागतो तसाच झाडाला हा दाखला लागतो. ज्याचा दाखला नाही, ते हरवले तरी तक्रार कुणी आणि कशी नोंदवावी?

आणि हरवण्याची भीती खरीच आहे. मुसळीला नाव मिळाले, मागून दाम मिळाला, आणि दाम मिळाला तशी रानारानांतून कुदळ चालू लागली. पुढे लागवड सुरू झाली. मध्य प्रदेश, राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्रातले शेतकरी आता ती शेतात लावतात, ही चांगलीच गोष्ट. पण रानातल्या झाडाचे दुखणे वेगळे आहे. तिच्या बिया फार थोड्या उगवतात. मुळी नुसती पुरून रोप येत नाही. तिला वरच्या बुंध्याचा तुकडा चिकटलेला असावा लागतो. तेव्हा ज्याने घोसासकट झाड उपटले, त्याने ते झाड कायमचे संपवले. याउलट वरची पाती कापून नेली, तर खालच्या मुळ्यांच्या जोरावर ते पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उभे राहू शकते. भाजी आणि चूर्ण यांत झाडाच्या दृष्टीने एवढा मोठा फरक आहे.

वर्गीकरण म्हणजे नुसती विद्वानांची करमणूक, असे समजणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत सांगतो. पूर्वी मुसळीला लिलीच्या कुळात घालीत. अलीकडे झाडांच्या पेशींतल्या रसायनांचा, म्हणजे डीएनएचा, ताळा पाहून ती शतावरीच्या कुळात बसवली आहे. आणि तुमच्या गॅलरीत टांगलेल्या कुंडीतून पांढऱ्या पट्ट्यांची पाने आणि लोंबती पिले सोडणारी ती 'स्पायडर प्लांट' आहे ना, ती मूळची आफ्रिकेची, पण आमच्या मुसळीची सख्खी जातवाली: क्लोरोफायटमच! परक्या पाहुणीला आपण रोज पाणी घालतो, आणि घरची मुलगी डोंगरावर कशी आहे याची विचारपूसही करीत नाही.

विचारपूस करायची म्हणजे काय करायचे? फार काही नाही. रानभाजी घेताना मुळासकट उपटलेली जुडी परत द्यावी आणि कापलेली मागावी. गिऱ्हाइकाचे मत बाजारात लवकर पोचते. राष्ट्रीय उद्यानातले तर पानही तोडू नये. तिथे ते कायद्यानेच मना आहे. कॉलेजातल्या मुलामुलींनी सहलीला गेल्यावर एकेकाने एकेक झाड उपटून वहीत चिकटवण्यापेक्षा साऱ्या वर्गाने मिळून फोटो काढावेत, आणि खाली जुन्या पद्धतीने जागा व तारीख मात्र लिहावी. सह्याद्रीत अजून नव्या जाती मिळत आहेत. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नावाने एका कंदीलपुष्पाची नोंद २००६ साली झाली. कुणी सांगावे, उद्या मुलुंडच्या किंवा घाटकोपरच्या एखाद्या चौकस मुलीच्या नजरेला असेच काही पडेल आणि त्या गावाचेही नाव यादीत चढेल!

दिवाळीच्या या दिवसांत मात्र बोरिवलीच्या डोंगरावर मुसळी शोधायला जाऊ नका. तिची पाने पिवळी पडून केव्हाच गळून गेली असतील. मातीखाली बोटभर मुळ्यांत साऱ्या वर्षाची बेगमी साठवून ती निजली आहे. तिला कुणी उपटले नाही, तर मृगाच्या पहिल्या सरीनंतर ती पुन्हा वर येईल आणि आपल्या गावाचे नाव आणखी एक वर्ष चालवील.