जन्म खोटा कीं न्याय खोटा?

जन्मासच न येणें उत्तम, असें जुन्या ग्रीकांपैकीं कित्येक शहाणे म्हणत. सुमारे २७०० वर्षांपूर्वींचा ग्रीक शेतकरी कवि हेसिअड हाहि आपल्या लोहयुगाला विटला होता. या युगांत जन्मलोंच नसतों तर बरें, असें तो म्हणे. पण त्यानें नांगर टाकला नाहीं. भाऊ पर्सीस यानें लांचखाऊ सरदारांना खूष करून वडिलार्जित मिळकतींत जास्त वांटा लाटला, तेव्हां हेसिअडनें त्या सरदारांना आपल्या काव्यांत उघडें पाडलें. आणि पहाटे कृत्तिका मावळूं लागल्या कीं नांगर धर, उगवूं लागल्या कीं कापणी कर, असें त्याच भावाला बजावलें. शेतकरी-कारागीर बंधूंनो, सारा दोष नशिबावर घालूं नका. घाम गाळा, आणि लुटणाऱ्याला चव्हाट्यावर आणा!