लॅपटॉप गेला तरी काम राहायला हवं

इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की घराघरांत लॅपटॉपची चर्चा रंगते. गेमिंगचा घ्यावा का, मॅकच लागतो का, असे प्रश्न पालक हमखास विचारतात. आधी त्याचंच उत्तर देतो.

प्रोग्रामिंग शिकायला महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, रॅम लागते. अँड्रॉइड स्टुडिओ, ब्राउझर आणि एखादा डेटाबेस एकदम उघडला की ८ जीबी रॅमवर मशीन अडखळतं. म्हणून १६ जीबी घ्यावी. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. ‘नंतर टाकू’ म्हणण्याआधी मोकळा स्लॉट आहे का, हे दुकानदाराला विचारा. ५१२ जीबी एसएसडी, हाताला बसणारा कीबोर्ड आणि आपल्या जिल्ह्यात सर्व्हिस सेंटर, एवढं पाहिलं की खरेदी झाली.

पण चार वर्षांत मुलं त्या लॅपटॉपवर जे लिहितात, त्याची काळजी खरेदीइतकीही घेतली जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एसएसडी कधीही बंद पडू शकते. हॉस्टेलमधून, एसटीतून लॅपटॉप चोरीला जातात. दुरुस्तीला दिलेला लॅपटॉप फॉरमॅट होऊन परत येतो. लॅपटॉप दुसरा आणता येतो. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट व्हायव्हाच्या आदल्या आठवड्यात पुन्हा लिहिता येत नाही.

यावरचं साधन फुकट आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिलं. त्यात प्रत्येक पूर्ण प्रतीसोबत प्रोजेक्टचा सगळा इतिहास जातो. मात्र नुसतं कमिट करून, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवून भागत नाही, कारण ती नोंद त्याच लॅपटॉपवर राहते. रोज काम संपवून उठण्याआधी ते ऑनलाइन खात्यातल्या खासगी रिपॉझिटरीत पुश करा आणि त्या खात्याला दुहेरी पडताळणी लावा.

कोड बाहेर पाठवताना पासवर्ड आणि एपीआय की त्यात जाऊ देऊ नका. त्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत नोंदवा. चुकून गेलीच, तर फाइल पुसून उपयोग नाही. ती जुन्या कमिटमध्ये तशीच असते. ती की लगेच रद्द करून नवी घ्यायची.

लॅपटॉपचा लॉगिन पासवर्डही पुरेसा नाही. एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला जोडली की आतलं सगळं वाचता येतं. म्हणून डिस्क एन्क्रिप्शन चालू हवं: विंडोजवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर लक्स. त्याची रिकव्हरी की मात्र त्याच लॅपटॉपवर ठेवू नका.

आणि बॅकअप आहे, एवढ्या समाधानावर थांबू नका. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरकडून चुकून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या अनेक सोयी होत्या, पण ऐन वेळी त्या उपयोगी पडल्या नाहीत. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत हाती लागली, म्हणून बाकीचं वाचलं. मधल्या काळातला डेटा गेलाच. कंपनीने हे सगळं लपवलं नाही, जाहीरपणे लिहिलं. ज्यांचा धंदाच इतरांचा कोड सांभाळण्याचा, त्यांच्याकडे हे घडलं. बॅकअप परत उतरवून पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

म्हणून प्राध्यापकांना माझी विनंती आहे. प्रत्येक सत्रात एकदा विद्यार्थ्यांना त्यांचा लॅपटॉप बाजूला ठेवायला सांगा आणि लॅबमधल्या दुसऱ्या संगणकावर प्रोजेक्ट उतरवून चालवून दाखवायला लावा. त्यासाठी गुणही ठेवा. पुढे नोकरीत याच शिस्तीवर दुसऱ्यांचा डेटा अवलंबून असणार आहे.