एकट्याचा कोपरा आणि सर्वांचे कोपरे

शाळेतली पालकसभा संपली की अनेक आया एकच तक्रार घेऊन घरी येतात. "गुरुजी म्हणाले, पोरगा वर्गात दंगा करतो, वही अपुरी ठेवतो." मग त्या पोराला घरी मार बसतो. वाचकहो, हात उचलण्यापूर्वी आपण एक गोष्ट विचारली पाहिजे. वर्गात त्या मुलाच्या हाताला काम किती वेळ असते?

तीस मुले फळ्याकडे तोंड करून बसलेली असतात. ज्याला गणित येते त्याचे दोन मिनिटांत होते आणि तो शेजाऱ्याला डिवचू लागतो. ज्याला येत नाही तो पहिल्याच पायरीवर अडतो आणि फळा पुसेपर्यंत नुसता बसून राहतो. दोन शिक्षकी शाळेत तर एका इयत्तेला शिकवणे चालू असताना दुसरीने गप्प बसायचे, एवढेच तिचे काम! अशा वेळी मुले खोड्या काढतात, यात नवल ते काय?

यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे. वर्गात चार कोपरे करावेत. एका कोपऱ्यात वाचनाची पुस्तके, दुसऱ्यात चिंचोके, काड्या आणि गणिताची कार्डे, तिसऱ्यात लेखन, चौथ्यात स्वतः गुरुजी किंवा बाई. मुलांचे चार गट करून प्रत्येक गट एका कोपऱ्यात बसवावा. पंधरा मिनिटांनी घंटा वाजली की गटाने पुढच्या कोपऱ्यात जावे. तासाभरात सर्वांची फेरी पुरी होते. शिक्षकांपुढे एका वेळी सात-आठच मुले असल्यामुळे कोण कुठे अडले ते लगेच कळते.

चेन्नई महानगरपालिकेने २००३ मध्ये १३ शाळांत याच्याशी मिळतीजुळती पद्धत सुरू केली. मुले जमिनीवर गटागटाने बसत, ट्रेमधून आपले कार्ड उचलत आणि ते काम झाल्यावरच पुढचे कार्ड घेत. काही गटांना शिक्षकांचा आधार असे, काहींना सोबत्यांचा, तर काही मुले आपली आपण शिकत. लहान मुलांचा हात पोहोचेल असे बुटके फळे भिंतींना केले होते. पुढे ही पद्धत तामिळनाडूभर गेली.

मात्र नुसते कोपरे मांडून शिस्त येत नाही. पहिला आठवडा फक्त जागा बदलण्याचा आणि साहित्य जागच्या जागी ठेवण्याचा सराव घ्यावा. सुरुवातीला दोनच कोपरे पुरेत. अडले तर आधी सोबत्याला विचारायचे, काम लवकर झाले तर पुढे काय करायचे, हे आधीच ठरलेले असावे. प्रत्येक मुलाजवळ कामाचे कार्ड असावे आणि काम पुरे होताच त्याने स्वतः खूण करावी. अपुरे काम शेवटच्या तासाला पुरे करून घ्यावे. जो फार दंगा करतो त्याच्याकडे साहित्य वाटण्याची जबाबदारी देऊन पाहावी.

एका बाबतीत आम्ही सर्वांना सावध करू इच्छितो. हुशारांचा एक गट आणि 'ढ' मुलांचा दुसरा, अशी कायमची वाटणी कोणी करू लागले तर पालकांनी तेथेच बोलले पाहिजे. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना वर्गात एकट्याने कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यामुळे वर्गातला कोपरा म्हटले की आपल्या मनात कळ उठते. तो कोपरा एका मुलाला दूर ठेवण्यासाठी होता. या कोपऱ्यांत प्रत्येक मूल प्रत्येक जागी बसते, एकाच पुस्तकाला सर्वांचे हात लागतात आणि शेवटची रांग उरत नाही. म्हणून गट मिश्र हवेत, दर महिन्याला बदलणारे हवेत आणि गटप्रमुखपद प्रत्येकाच्या वाट्याला यायला हवे.

शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या कायद्याच्या, कलम १७ ने शाळेत मुलांना मारण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास बंदी आहे. छडी गेली. तिच्या जागी काम आले पाहिजे. पुढच्या पालकसभेला आईवडील दोघांनीही जावे आणि "माझा मुलगा कसा वागतो?" एवढेच विचारून थांबू नये. "तो कोणाबरोबर बसतो? आज त्याने कोणते काम पुरे केले?" हेही विचारावे.