शिष्यवृत्ती मिळाली, खोलीचं काय?

नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्यातून आपलं पोरगं लंडनला शिकायला निघालं की सगळ्या वस्तीला आनंद होतो. विहारात सत्कार होतो, विमानतळावरचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. हा आनंद रास्तच आहे. पण उतरल्यावर ते पोरगं राहतं कुठं? अनामत रक्कम कुठून आणतं? कोणाबरोबर खोली वाटून घेतं? यावर चळवळीत फार कमी बोललं जातं. आमचं म्हणणं स्पष्ट आहे : परदेशी शिक्षणाची लढाई प्रवेश मिळाला म्हणून संपत नाही. ती खोलीच्या दारात पुन्हा सुरू होते. आणि तिथं प्रश्न पैशाचा असतो तसा जातीचाही असतो.

आधी पैशाचं पाहू. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत ब्रिटनसाठी निर्वाह भत्ता वर्षाला ९,९०० पौंड ठरलेला आहे. म्हणजे महिन्याला ८२५. आता ब्रिटिश सरकारचा स्वतःचा हिशोब बघा. विद्यार्थी व्हिसासाठी लंडनमध्ये राहायला महिन्याला किमान १,४८३ पौंड हवेत, असं त्यांनी जानेवारी २०२५ मध्ये ठरवलं. तिथलं सरकार ज्याला किमान म्हणतं, त्याच्या जेमतेम निम्म्यावर आपल्या पोरानं खोलीचं भाडं, जेवण आणि बसचं तिकीट भागवायचं! त्यात अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याइतकी असू शकते. घरमालक अनेकदा ब्रिटनमध्ये राहणारा हमीदार मागतो. ज्याचा बाप सोयाबीनच्या सोंगणीला दुसऱ्याच्या वावरात जातो, त्यानं लंडनमधला हमीदार आणायचा कुठून? ज्यांचे काका-मामा आधीच तिथं आहेत, त्यांना हा प्रश्न पडत नाही. पिढ्यानपिढ्यांच्या ओळखी हीसुद्धा एक मालमत्ताच आहे, आणि ती आपल्याकडे नाही.

आता जातीचं. बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला उतरले. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात ते नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहिले. तिथं त्यांची जात आडवी आली नाही. पुढं ते लंडनला गेले आणि १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. एवढ्या विद्वान माणसाला त्या शहरात राहायला घर मिळालं नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावानं तिथूनही बाहेर काढलं. हिंदू मित्रानं आसरा दिला नाही, ख्रिस्ती मित्रानंही नाही. शेवटी कामाठी बागेत बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. जगातलं मोठं विद्यापीठ जात विचारत नव्हतं, स्वदेशातली खोली विचारत होती.

शंभर वर्षांत यात एक बदल झाला. जात आता सामानात बांधून परदेशात पोचली आहे. तिथला गोरा घरमालक जात विचारत नाही, कारण त्याला ती कळतच नाही. त्याचा वंशद्वेष असेल तर तो सगळ्याच भारतीयांच्या वाट्याला येतो. जात विचारतो तो आपल्याच देशातला खोली-सोबती. अमरावतीत खोली शोधणाऱ्या पोरांना हे प्रश्न पाठ आहेत : "आडनाव काय? गाव कोणतं? नॉनव्हेज खाता का?" हेच प्रश्न लंडनमध्ये इंग्रजीत येतात. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागला की बोलणं कमी होतं, भांडी वेगळी होतात. आणि भाडं वाटून घेतल्याशिवाय भागत नाही, म्हणून पोरगं गप्प बसतं. इथं पैशाचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न एक होतो. ज्याच्या खिशात एकट्यानं राहायचं भाडं नाही, त्याला अपमान गिळून राहावं लागतं.

कायद्यानं दाद मागावी तर तीही वाट अरुंद आहे. अमेरिकेत सिॲटल शहरानं फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं मंजूर केलेलं तसं विधेयक मात्र गव्हर्नरनी अडवलं. ब्रिटनमध्ये समता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करण्याचा विचार सरकारनं २०१८ मध्ये सोडून दिला. विरोधाला पुढं कोण होतं? तिथं स्थिरावलेल्या हिंदू समाजातल्याच संघटना.

मग करायचं काय?

पहिलं, सरकारकडे मागणी. निर्वाह भत्ता त्या शहराच्या खर्चाशी जोडा आणि पहिला हप्ता विमानात बसण्याआधी खात्यात टाका. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर, जिथं बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये विकत घेतलं. ते स्मारक आपला अभिमान आहे. पण त्याच शहरात बाबासाहेबांच्या वाटेनं गेलेलं पोरगं भाड्यासाठी रात्रपाळी करत असेल, तर स्मारक अर्धंच झालं.

दुसरं, परदेशात स्थिरावलेल्या आपल्या बांधवांना सांगणं. १४ एप्रिलचा कार्यक्रम जरूर करा. पण वर्षाला एका विद्यार्थ्याचे हमीदार व्हा, पहिले पंधरा दिवस घरात एक गादी टाका. बाबासाहेबांच्या 'पे बॅक टू सोसायटी'चा यापेक्षा सोपा अर्थ नाही.

तिसरं, विहारांना. सत्काराच्या शाली कमी करून अनामत रकमेचा फिरता निधी उभा करा. एक पोरगं वर्षभरानं परत करील, तोच पैसा दुसऱ्याला जाईल.

आणि जाणाऱ्या तरुणांना : भाडेकरार लेखी घ्या. इंग्लंडमध्ये घरमालकानं अनामत तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवावी लागते, त्याची पावती मागा. आणि नाव लपवू नका. बडोद्यात बाबासाहेबांवर ती वेळ आली, कारण ते एकटे होते. तुमच्यावर ती येऊ नये एवढे आपण आज नक्कीच आहोत. फक्त संघटित व्हायला हवं.

जयभीम!